गच्चीवरचा वाकडा पाइप

लेखमाला : घरातलं पाणी (लेखांक 9)

संक्रांत उलटली की इंदूरच्या सुदामा नगरात किंवा राजेंद्र नगरात एखाद्या गच्चीवर चढून पाहावं. सोलरच्या टाकीतून एक बारीक पाइप सरळ वर गेलेला असतो, टोकाशी छत्रीच्या मुठीसारखा खाली वळलेला, आणि त्याला हमखास कुणाच्या तरी पतंगाचा मांजा गुंडाळलेला. नळवाले त्याला हवेचा पाइप म्हणतात. घरमालकाला तो बिनकामाचा वाटतो. कधी त्यातून पाणी ठिबकतं, खाली शेवाळ धरतं, आणि मग कुणीतरी वैतागून त्याला बूच मारून टाकतो.

त्या बुचाने काय होतं, हे समजून घ्यायचं तर आधी बंबाकडे वळावं लागतं.

इंदुरात खोल्या तापवायची पद्धत नाही. जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, कधी त्याच्याही खाली. पण स्वेटर, शाल आणि गरम पोहे एवढ्यावर भागतं. घरात खरोखर तापवावं लागतं ते आंघोळीचं पाणी. मराठी वाड्यांतून हे काम तांब्याच्या बंबाकडे होतं. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि निखारे, नळीभोवती पाणी, वर सैल झाकण, खाली तोटी. ढलप्या, कोळसे, नारळाच्या करवंट्या, जे हाताशी असेल ते नळीत जायचं. पाणी उकळलं तर झाकण खडखडायचं, वाफ मोरीभर व्हायची, आणि त्यापलीकडे काही घडायचं नाही. धोका एकच: आत पाणी नसताना बंब पेटवला तर सांध्यांचा डाख सुटायचा. दाब नावाची गोष्टच त्यात तयार होत नव्हती, कारण वरची बाजू कधी बंद नव्हती.

पाणी तापलं की फुगतं. 15 अंशांचं पाणी 60 अंशांवर नेलं तर त्याचं आकारमान सुमारे 1.6 टक्के वाढतं. म्हणजे 200 लिटरच्या टाकीत तीन लिटरहून थोडं जास्त पाणी नव्याने जागा मागतं. आकडा क्षुल्लक दिसतो. पण पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे वाट मिळाली नाही तर ते टाकीच्या पत्र्यावर आणि सांध्यांवर उठतं. तापत तापत वाफ झाली, तर मग टक्क्यांचा हिशेबच संपतो: साध्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ सोळाशेपटींहून जास्त जागा घेते.

बंद भांड्याला यावरचा तोडगा 1679 मध्ये सापडला. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये हाडं शिजवायचं बंद भांडं दाखवलं आणि पुढे त्यावर वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. ठरलेला दाब झाला की झडप उचलली जायची. कुकरची शिट्टी ती हीच. गीझरला अशी शिट्टी वाजत नाही, पण त्याच्या पोटाशी स्प्रिंगवर बसलेला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. शिवाय थर्मोस्टॅट, आणि थर्मोस्टॅट चिकटलाच तर वीज तोडणारा कटआउट.

गंमत अशी की आपल्याकडचा गीझर बहुतेक वेळा दिसतो तितका बंद नसतो. त्यात गार पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. तापून फुगलेलं पाणी त्याच पाइपाने उलटं टाकीकडे सरकतं. ती टाकी उघडी, म्हणून गीझरही आडवाटेने उघडाच. मात्र वाटेत उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे नळवाल्याच्या भाषेत एनआरव्ही, की ही वाट बंद होते. मग 25 लिटरच्या गीझरमधलं जेमतेम अर्धा लिटर जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकू लागतं. ते बिघाडाचं लक्षण नाही. बिघाड तेव्हा सुरू होतो, जेव्हा कुणी भिंत ओली होते म्हणून ती ठिबकणारी नळी बंद करतो.

गच्चीवरच्या सोलरचं गणित आणखी नाजूक. काचेच्या नळ्यांचा साधा सोलर घेतला, तर त्या नळ्या टाकीत नुसत्या रबरी कड्यांवर बसवलेल्या असतात. त्या दाब सोसत नाहीत, आणि म्हणूनच तो वाकडा पाइप गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीहून उंच न्यावा लागतो. कमी उंच असेल तर पाणी वाहत राहील. बूच मारलं तर कडी सुटतील. पाइपाचं दुसरं काम लोकांच्या ध्यानात येत नाही: तो हवा बाहेर सोडतो, तशी आतही घेतो. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर उचलून आणलेलं नर्मदेचं पाणी 1978 पासून शहराला मिळतं, पण नळ चोवीस तास चालत नाही. वरची टाकी रिकामी झाली आणि खाली कुणी गरम पाणी सोडलं, तर सोलरच्या टाकीत पोकळी तयार होते. हवेचा पाइप बंद असेल तर पातळ पत्र्याची टाकी चक्क आत चेपते. रिकाम्या नळ्या भर दुपारी तापत राहून त्यांत एकदम गार पाणी शिरलं, तर काच तडकते. तो हिशेब निराळा.

मग बंद व्यवस्था हवी कशाला? शॉवरसाठी. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. वरच्या मजल्यावर टाकी तीन मीटर उंच असली तर हाती येतो 0.3 बार, म्हणजे शॉवरखाली उभं राहून अंगावर थेंब मोजायचे. यावर लोक प्रेशर पंप आणतात आणि तो थेट उघड्या सोलरच्या आधी जोडतात. हाच सगळ्यात महाग चुकीचा जोड. दोन बारचा पंप पाणी वीस मीटर चढवू शकतो. वाकड्या पाइपातून गच्चीवर कारंजं उडतं. ते थांबवायला बूच येतं, आणि पुढचं वर सांगितलंच आहे. पंप हवाच असेल तर दाब सोसणारी, जाड टाकीची सोलर यंत्रणा घ्यावी. ती महाग पडते.

इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांना हाच प्रश्न रेडिएटरच्या रूपाने भेटतो. तिथे जुन्या घरांत माळ्यावर छोटी उघडी टाकी. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या बंद ठेवायला मुळी परवानगीच नव्हती. आता कल बंद व्यवस्थेकडे आहे, आणि तिथे तो बरोबरही आहे. रेडिएटरमधून तेच तेच पाणी वर्षानुवर्षं फिरतं. उघड्या टाकीतून हवा मिसळली की आतलं लोखंड गंजतं, काळा गाळ साचतो. कडाक्याच्या थंडीत माळ्यावरची टाकी गोठते ते वेगळंच. बंद यंत्रणेत रबरी पडद्याचं एक भांडं फुगलेलं पाणी सामावून घेतं.

इंदुरात पाणी फिरत नाही, रोज नवं येतं, आणि अनेक घरांत ते बोरिंगचं असतं. त्यातले क्षार तापलेल्या भांड्यात थर धरतात, तसे सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाशीही धरतात. चिकटलेला व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही; नुसत्या पाइपात मात्र चिकटण्यासारखं काही हलतं यंत्र नसतं. दोन मजली घर, स्वतःची गच्ची, बोरिंगचं पाणी, असा संसार असेल तर उघडी व्यवस्थाच घ्यावी आणि टाकीचा स्टँड एखादा मीटर वाढवावा.

बायपासकडच्या उंच इमारतींत हा सल्ला कुचकामी. गच्ची सामाईक, खालच्या मजल्यांवर दाब आयता तीन-चार बार. तिथे आठ बार सोसणारा गीझर घ्यावा, आणि बसवायला आलेल्या माणसाला विचारावं की व्हॉल्व्हची नळी कुठे सोडणार. उत्तर ‘मोरीच्या जाळीपाशी’ असं हवं. त्या व्हॉल्व्हला बहुधा एक छोटी दांडी असते. दोन-तीन महिन्यांनी, गीझर बंद करून पाणी गार झाल्यावर, ती एकदा उचलून पाहायची. पाणी भसकन आलं आणि दांडी सोडताच थांबलं, तर व्हॉल्व्ह मोकळा आहे.