भारतातील रासायनिक अस्त्रांचा नाश

रासायनिक अस्त्रांचा नाश म्हणजे विषारी द्रव्ये पुन्हा अस्त्र म्हणून वापरता येणार नाहीत अशा रीतीने कायमची निकामी करणे. रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला. त्यानुसार ही द्रव्ये पाण्यात बुडविणे, जमिनीत पुरणे किंवा उघड्यावर जाळणे निषिद्ध आहे. कारण त्वचा व डोळे भाजणारे सल्फर मस्टर्ड समुद्रतळाशी अनेक दशके टिकून मच्छीमारांना इजा करू शकते. म्हणून त्याचे गरम पाण्याने विघटन करतात अथवा ते बंद भट्टीत जाळतात.

भारताने जून १९९७ मध्ये १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचे जाहीर केले व मुदतवाढीनंतर मार्च २००९ मध्ये संपूर्ण साठा नष्ट केला. अल्बानिया व दक्षिण कोरिया यांच्यानंतर असे करणारा भारत तिसरा देश ठरला. जैविक अस्त्रबंदी करार १९७५ पासून लागू आहे. मात्र त्याच्या पालनाची पडताळणी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था नाही.