‘इटालियन’ लेखनपेटी आणि चौलचे कारागीर

अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांत जुन्या दप्तराबरोबर जडावकामाची एखादी लेखनपेटी हातीं आली, कीं तिला ‘इटालियन’ म्हणण्याचा मोह होतो. त्या एका शब्दानें किंमत चढते, आणि पेटीचा इतिहास मात्र बुडतो. म्हणून या नांवाचा येथें थोडा विचार करूं.

इटलींत लांकडांत लांकूड बसविण्याच्या कलेस ‘इंतार्सिया’ म्हणतात. उर्बिनो येथील ड्यूक फेदेरिको याची लिहिण्यावाचण्याची खोली (इ. स. १४७६ चा सुमार) हा तिचा उत्कृष्ट नमुना होय. भिंतीच्या फळ्यांवर अर्धवट उघडीं कपाटें, ग्रंथ व वाद्यें अशीं साधलीं आहेत, कीं पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढें व्हावा! ‘चेर्तोझिना’ ही दुसरी तऱ्हा. तींत अक्रोडी लांकडांत हाडाचे बारीक तुकडे भौमितिक आकृतींत बसवीत. ही अरबी कारागिरीवरून घेतली असें मानतात. तेव्हां नुसत्या नक्षीवरून कुळ ठरविणें धोक्याचें आहे.

पुढची झडप खालीं पाडून तिजवर लिहावयाचें व आंतील खणांत कागद ठेवावयाचे, हा घाट युरोपी खरा. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून गुजराथ व सिंधकडील कारागीर याच घाटाच्या पेट्या शिसवी, आबनूस व हस्तिदंत यांच्या जडावानें पोर्तुगीजांसाठीं करूं लागले. गोव्यांत सागावर आबनुसाचीं एकमेकांत गुंतलेलीं वर्तुळें बसवीत. आणि नगरकरांस दूर जाण्याचें तरी काय कारण? चौल हें निजामशाहीचेंच बंदर. पोर्तुगीजांनीं तेथें इ. स. १५२१ त किल्ला बांधण्यास आरंभ केला, इ. स. १५७०-७१ त मूर्तजा निजामशहाचा वेढा फसला, पण चौलचा व्यापार बुडाला नाहीं. इ. स. १६०८ ते १६१० पर्यंत गोव्यांत राहिलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल हा चौलास चिनी धर्तीच्या सुबक पेट्या व कपाटें होतात असें नमूद करतो.

एकोणिसाव्या शतकांतील मुंबईच्या ‘सादेली’ कामाची भानगड निराळी. हस्तिदंत, आबनूस, पतंग व कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांच्या आडव्या चकत्या कापीत व त्या पेटीवर बसवीत. हीच युक्ति इटालियनांसही ठाऊक होती.

यास्तव आमच्या मतें पेटीचें तोंड पाहण्यापूर्वीं पाठ पाहावी. खणांचे तळ पॉप्लर किंवा फर या लांकडांचे असल्यास युरोपकडे, साग किंवा शिसवीचे असल्यास इकडे बोट जातें. नक्षींत कथील आढळल्यास मुंबईचा संशय बळावतो. मात्र इ. स. १८०३ त वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतल्यावर येथें इंग्रजांची छावणी पडली. साहेबांच्या सामानांतून सोरेंतोची ऑलिव्ह लांकडाची एखादी खरी इटालियन पेटी आली असणें अशक्य नव्हे.

संशोधकांस याहून महत्त्वाचे आंतील कागद. शेजारच्या खणांहून एखादा खण आंखूड असल्यास त्याच्या मागें चोरकप्पा असूं शकतो. कोणता कागद कोणत्या खणांत मिळाला, हें पेटीस रोगण लावण्यापूर्वीं टिपून ठेवावें. अस्तराचा कागद मोडी असल्यास तो जाणत्याच्या हातूनच सोडवावा. आणि पेटी विकावी लागली, तरी तिच्यांतील कागदांची यादी तिच्याबरोबरच द्यावी.