नोकरीचा भाव आणि हातातली पट्टी

गेल्या दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असताना मेहकर तालुक्यातून बहिणीचा निरोप आला, "भाऊ, एकदा येऊन जाय. पोराले कंपनीचं पत्र आलं."

भाचा बी.एस्सी. झालेला. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीन, तूर आणि ओल टिकली तर हरभरा. पत्र आले होते वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्या कंपनीचे. मोडलेल्या हाडांना बसवायच्या प्लेटा, स्क्रू आणि गुडघ्याचे कृत्रिम सांधे असा माल. मुक्काम अकोल्याला, फिरती अकोला, बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांत. पगार वर्षाला 4 लाख 20 हजार. दहा दिवसांत होकार कळवायचा होता.

घरात दोन तट पडले होते. मेहुणे म्हणत, "हो म्हनून टाक. शेतातल्या पोराले आता पोरगी कोन देते?" बहिणीचे म्हणणे, बॅग घेऊन दवाखान्यांच्या दारात उभे राहायचे होते तर शिकवले कशाला? भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, तुम्ही सांगाल तसं करतो." हे ओझे मी घेतले नाही. पण त्याच्याबरोबर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या बैठकीतून जे निघाले ते इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

आधी पट्टी काढा

आपण बाजार समितीत माल नेतो तेव्हा लिलावात पुकारलेला भाव वेगळा आणि खर्च वजा जाऊन हातात पडणारी पट्टी वेगळी. नोकरीच्या पत्रातही तसेच असते. 4 लाख 20 हजारांपैकी 84 हजार हे विक्रीचे लक्ष्य गाठले तरच मिळायचे होते. कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी 21 हजार 600 आणि विमा, उपदान वगैरे 14 हजार 400 याच आकड्यात धरलेले. राहिले 3 लाख, म्हणजे महिन्याला 25 हजार. त्यातून त्याच्या वाट्याचा निधी 1,800 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 23 हजार. अकोल्यात खोली आणि खानावळ 9 हजार, मोटारसायकलचा हप्ता साडेतीन हजार. शिल्लक साडेदहा हजार. ही रक्कम वाईट नाही. परंतु 35 हजार समजून घर कर्ज काढते, तेव्हा पंचाईत होते.

काम डोळ्यांनी पाहा

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली तेव्हा माझे काही सोबती बियाणे आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांत विक्रीला लागले. एकजण पुढे मोठ्या पदावर गेला. दुसरा दर महिनाअखेरीस दुकानदारांच्या गळ्यात माल मारता मारता कंटाळला आणि दोन वर्षांत परत आला. दोघेही हुशार होते. फरक एवढाच, की पहिल्याला माणसांत वावरणे आवडे, दुसऱ्याला नाही. म्हणून भाच्याला म्हटले, एक दिवस या धंद्यातल्या माणसाबरोबर हिंड.

ओळखीतून असा माणूस सापडला. भाचा सकाळी सातला त्याच्याबरोबर निघाला आणि रात्री बाराला परतला. दिवसभरात चार डॉक्टरांची वाट पाहण्यात पाच तास गेले. रात्री अपघाताचा रुग्ण आला. प्लेटांचा संच दवाखान्यात पोहोचवून शस्त्रक्रिया संपेपर्यंत तो माणूस थांबला, कारण कोणत्या मापाची प्लेट कोणत्या खणात आहे हे त्यालाच ठाऊक. बाहेर बाकावर रुग्णाचा बाप बसला होता. धोतराच्या सोग्यातून नोटा काढून पुन्हा पुन्हा मोजत होता. भाचा म्हणाला, "मामा, आपल्याकडचाच शेतकरी होता. त्या बिलात आमच्या मालाची किंमत असणार."

या नोकरीचे खरे स्वरूप त्याला तेथे कळले. वेळेवर पोहोचलेला योग्य माल माणसाला पायावर उभा करतो. तोच माल गरजेबाहेर गळी उतरवला तर एखाद्याची बैलजोडी विकली जाते. विक्रीच्या साखळीत नफा बेसुमार झाला होता, म्हणूनच फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारला हृदयाच्या स्टेंटच्या आणि ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घालावी लागली. 2024 साली केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने उपकरणांच्या विक्रीसाठी आचारसंहिता काढली. डॉक्टरांना भेटवस्तू किंवा सहली देऊ नयेत, असे तीत सांगितले आहे. सोनोग्राफी यंत्राची गोष्ट तर आणखी नाजूक. नोंदणी नसलेल्या केंद्राला ते विकण्यास गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने बंदी आहे. तेव्हा "लक्ष्य गाठण्यासाठी वाटेल ते कर" असे वरिष्ठ म्हणाले तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे.

लेखी विचारा

भाच्याने कंपनीला पाच प्रश्न लेखी विचारले. नेमणूक थेट कंपनीची की मध्यस्थ ठेकेदाराची? लक्ष्य किती आणि ते कोण ठरवते? फिरतीचा खर्च किती दिवसांत मिळतो? दवाखान्याकडे उधारी थकली किंवा संचातला स्क्रू हरवला तर भरपाई कोणाकडून? नोकरी सोडायची झाली तर सूचना किती दिवसांची?

विक्री प्रतिनिधींना लेखी नेमणूकपत्र देण्याची तरतूद 1976 च्या कायद्यातच होती. 2020 साली संसदेने संमत केलेल्या कामगार संहितेतही ती आहे. म्हणून विचारायला संकोच नको. मात्र जो अनामत रक्कम, कोरा धनादेश किंवा मूळ प्रमाणपत्रे मागेल, त्याला दुरूनच रामराम करावा.

कंपनीने चार उत्तरे सरळ दिली. भरपाईच्या प्रश्नावर मात्र ती घोटाळली. भाच्याने पुन्हा विचारले तेव्हा, निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय पगारातून कापणार नाही, असे लेखी आले.

नवव्या दिवशी त्याने स्वतः होकार कळवला. एक वर्ष करून पाहायचे, असे घरात ठरले. शेत विकायचे नाही आणि या वर्षी ठोक्यानेही द्यायचे नाही. बुलढाण्यात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. दवाखाने वाढतील तशी या कामाला माणसे लागतील, हेही त्याने हिशेबात धरले. बहीण अजून पूर्ण राजी नाही. परंतु रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तो हरभरा पेरायला गावी आला, तेव्हा तिने त्याची बॅग आपल्या हाताने पुसून खुंटीला टांगली.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आपल्याही घरी असे पत्र येईल. आनंदाने उघडा, पण सहीची घाई करू नका. पट्टी काढा, काम पाहा, प्रश्न लेखी विचारा आणि शेवटचा शब्द मुलाला किंवा मुलीला बोलू द्या. दवाखान्याच्या पायऱ्या रोज त्यांनाच चढायच्या आहेत.