न्हाणीघरातील फरशी
न्हाणीघरातील फरशीचे माप दुकानातील नमुन्यावरून नव्हे, तर पाण्याच्या वाटेवरून ठरवावे. बादली व तांब्याने स्नान करताना पाणी भिंतीवर साधारणतः कमरेएवढ्या उंचीपर्यंत उडते, तेथे 1.2 मीटरपर्यंत फरशी पुरेशी होते. फवारा असल्यास मात्र त्यालगतच्या भिंती 2.1 मीटरपर्यंत आच्छादाव्यात.

जमिनीला जाळीकडे दर मीटरला सुमारे 10 ते 15 मिलिमीटर उतार द्यावा लागतो. 600 मिलिमीटरची सपाट फरशी चोहोबाजूंनी येणाऱ्या या उताराशी जुळत नाही. ती तिरपी कापावी लागते, अन्यथा पाणी साचते. 300 मिलिमीटरची किंवा त्याहून लहान फरशी उतार सहज घेते. शिवाय, सांधे अधिक असल्याने ओला पाय कमी घसरतो. पृष्ठभागही खरखरीतच हवा. घरात वृद्ध माणसे असल्यास याकडे दुर्लक्ष करू नये. 1.2 मीटर रुंद व 2.1 मीटर लांब जमिनीस 300 मिलिमीटरच्या 28 फरश्या लागतात. तूटफूट धरून तीन अधिक घ्याव्यात.

तथापि, फरशी म्हणजे जलरोधन नव्हे. सांध्यांतून पाणी झिरपतेच. म्हणून फरशीखाली जलरोधक थर आधी घालावा आणि त्यावर एक दिवस पाणी साठवून खाली ओल येते का, हे पाहावे. ही तपासणी टाळल्यास खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर डाग उमटतात, आणि मग हौसेने बसविलेली फरशी उखडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.