लढाईत बायका होत्या कुठे?

दिवाळीत किल्ला करायची हौस पुण्या-साताऱ्याकडे जेवढी, तेवढी आपल्या वऱ्हाडात नाही. तरी अमरावती-अकोल्याच्या बाजारात मातीची चित्रं येतात. सिंहासनावर महाराज, तोफेशी गोलंदाज, भाले घेतलेले मावळे, झाडामागे एखादा वाघ. या सगळ्या फौजेत बाई एकच, डोक्यावर घागर घेतलेली गवळण. पुढे फेब्रुवारीत शिवजयंतीची शोभायात्रा निघते तेव्हा चित्र पार उलटं होतं. नऊवारीचा काष्टा, भगवा फेटा, हातात नंगी तलवार, अशा मुली घोड्यावर बसून गावभर फिरतात. रस्त्याकडेची एखादी आजी पुटपुटते, "पोट्टीले एवढी मोठी तलवार काऊन देल्ली बाप्पा?" आणि लगेच नातीचा फोटो काढायला सांगते.

घागर आणि तलवार या दोन टोकांच्या मध्ये खऱ्या लढाईतली बाई कुठे होती, हा प्रश्न ऐतिहासिक देखावे उभे करणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा. तलवार हातात दिली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो.

देखाव्यांची हौस आपल्याकडे काही आजची नाही. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं 'जाणता राजा' 1985 साली रंगमंचावर आलं आणि हत्ती, घोडे, उंट घेऊन मैदानात नाटक करण्याची एक रीतच पडून गेली. महानाट्याचा तांडा गावात येतो, मुख्य पात्रं बरोबर आणतो आणि गर्दीसाठी तिथलीच पोरं-पोरी निवडतो. महाविद्यालयातल्या, आखाड्यातल्या मुलींना यात पहिल्यांदा युद्धाच्या प्रसंगात उभं राहायला मिळतं. भूमिका मात्र ठरलेल्या. आरती घेऊन ओवाळणाऱ्या सुवासिनी, गोंधळ-लावणीतल्या नर्तकी, सुलतानी जुलमात किंचाळत पळणाऱ्या रयतेच्या बायका आणि एक जिजाऊ. मुलगे कमी पडले तर मुलींनाच मिशा लावून मावळे करतात. लांबून कुणाला कळत नाही, आणि सराव केलेल्या मुली रांग मुलांपेक्षा सरळ धरतात. 2024 मध्ये शिवराज्याभिषेकाच्या 350 व्या वर्षानिमित्त सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत महासंस्कृती महोत्सव भरवले, तेव्हा या हौसेला सरकारी मांडवही मिळाला.

वऱ्हाडाला जिजाऊंचं आकर्षण असणं साहजिक आहे. त्यांचं माहेरच इथलं. बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या राजवाड्यात 12 जानेवारी 1598 रोजी त्यांचा जन्म झाला, असं मानतात. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोटणाऱ्या गर्दीत जिजाऊंच्या वेशातल्या लहान-थोर इतक्या असतात, की मोजायला बसू नये. मात्र या वेशात करायचं काय, हे ठरलेलं असतं: बोट धरून बाळशिवबाला उभं करायचं किंवा बसून राहायचं. लखुजींचा आणि त्यांच्या मुलांचा 1629 मध्ये दौलताबादेत निजामशाही दरबारात खून झाला. माहेर असं एका दिवसात उजाड झालेल्या बाईचा प्रसंग अजून कुणी त्या वेशात उभा केलेला मी पाहिलेला नाही. तो प्रसंग लढाईचा नाही, पण लढाईच्या काळाचा नक्कीच आहे.

अंगात कसब असलेल्या मुली मिळत नाहीत, अशी सबब अमरावतीत तरी चालणार नाही. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलंच. याच मंडळाच्या पथकानं 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. लाठी, लेझीम, मल्लखांब हे शब्द या शहरात घराघरांत माहीत आहेत, आणि मुली ते खेळतात याचं आता कुणाला नवलही वाटत नाही.

पण खेळ आणि हत्यार यांत अंतर असतं, ते दांडपट्टा हातात घेतल्यावर कळतं. पट्ट्याचं पातं लांब, लवचिक. मूठ तलवारीसारखी पात्याच्या रेषेत नसून आडवी, आणि तिच्यावर कोपराकडे चढत जाणारा लोखंडी खोबळा. हात आत घातला की मनगट बंद होतं. नवखी मुलगी सवयीनं मनगट वळवायला जाते आणि पातं स्वतःच्याच पिंडरीकडे येतं. पट्टा फिरवायचा खांद्यातून आणि कमरेतून, पाय सतत हलते ठेवून. खोबळा मोठ्या हाताच्या मापाचा असला तर आत फडकं गुंडाळावं लागतं. त्यात नऊवारीचा काष्टा सैल बसला असेल, तर दुसऱ्याच फेरीत ओचा पायात येतो. म्हणून सरावाच्या मुली आधी लुगडं आवळून नेसायला शिकतात, मग पट्टा. शोभायात्रेत घोड्यावर बसून तलवार उंच धरायला यातलं काहीच लागत नाही.

आता इतिहासाकडे वळू. इथे पहिलाच धक्का बसतो, कारण शिवाजी महाराजांच्या स्वारीच्या फौजेत बायका नसणं हेच बरोबर आहे. सभासद बखर सांगते, की लष्करात कुणी बायको, बटीक किंवा कलावंतीण बाळगू नये, असा महाराजांचा सक्त हुकूम होता आणि मोडणाऱ्याला शिक्षा देहान्ताची होती. फौज हलकी राहावी, चटकन पांगता यावं, हा त्यामागचा हिशेब. तेव्हा शिवकाळातल्या छाप्याच्या देखाव्यात मावळ्यांच्या रांगेत नऊवारीतल्या मुली धावताना दाखवल्या, तर ते डोळ्यांना छान दिसेल, पण महाराजांच्याच हुकुमाच्या विरुद्ध जाईल. गडाची गोष्ट वेगळी. तिथे शिबंदीचे संसार असत, त्यामुळे वेढ्याच्या देखाव्यात बायका-पोरं नसतील तर तो देखावा अर्धाच.

शिवकाळातली शस्त्र धरलेली बाई हवीच असेल, तर ती वऱ्हाडच्या अंगणातच आहे. फक्त ती उभी आहे समोरच्या बाजूला. माहूर तेव्हा वऱ्हाड सुभ्यात. तिथल्या उदाराम देशमुखांच्या घराण्यातली ही बाई मोगलांच्या चाकरीत स्वतः फौज घेऊन लढली आणि औरंगजेबानं तिला 'रायबागन' असा किताब दिला. शाहिस्तेखानानं कारतलबखानाला पुण्याहून कोकणात उतरायला धाडलं, तेव्हा त्या फौजेत ती होती. 2 फेब्रुवारी 1661 रोजी उंबरखिंडीच्या दाट रानात महाराजांनी ही फौज दोन्ही तोंडांनी कोंडली. वर डोंगर, खाली पाणी नाही, पुढे-मागे वाट नाही. खान हबकला. तेव्हा शरण जा, जीव वाचव, असा रोखठोक सल्ला त्याला दिला तो रायबागननं. कवींद्र परमानंदांनी शिवभारतात तिला 'राजव्याघ्री' म्हटलं आहे. शत्रूपक्षाची असूनही कवीनं तिला हिणवलेलं नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. खानानं खंडणी भरली, सामान टाकलं आणि महाराजांनी वाट सोडली.

उंबरखिंडीचा विजयदिन रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या त्या जागी दरवर्षी साजरा होतो. रायबागन उभी करायला मात्र वऱ्हाडातून कुणी जावं, असं मला फार वाटतं. अडचण एकच: हरलेल्या बाजूची सरदारीण व्हायला पोरी तयार होत नाहीत. सगळ्यांना जिजाऊ व्हायचं असतं. नाहीतर ताराबाई. ताराबाईंना तरी वऱ्हाडात आणायला सबळ कारण आहे. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं त्यांनी औरंगजेबाशी झुंज चालवली. याच काळात, 1703 मध्ये नेमाजी शिंद्यांनी वऱ्हाडात मुसंडी मारून इथला मोगल नायब सुभेदार रुस्तुमखान याला पराभूत करून पकडलं. पण इथेही ताराबाईंना रणांगणावर तलवार फिरवताना दाखवायची गरज नाही. त्या मोहिमा आखत होत्या, गड लढते ठेवत होत्या. नकाशे, जासूद आणि पत्रं यांचा प्रवेश बसवायला अवघड, हे मान्य.

अठराव्या शतकात चित्र बदललं. मराठी फौजांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका, सगळा गाव चालू लागला. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या आणि त्या तिथून जिवंत परतल्या. 1803 साली याच पद्धतीच्या दोन फौजा आपल्या दारात येऊन भिडल्या.

तेल्हारा तालुक्यातलं अडगाव बुद्रुक अकोला जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. इंग्रजी पुस्तकांत मात्र 'अरगाव' या नावानं ते शाळकरी पोरांपर्यंत पोचलं. 29 नोव्हेंबर 1803 रोजी दुपार उतरताना नागपूरकर भोसल्यांची पायदळं आणि शिंद्यांचे घोडेस्वार या सपाटीवर उभे राहिले. समोर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा. मराठी तोफा सुरू होताच वेलस्लीच्या तीन पलटणी चक्क पळाल्या. तो स्वतः आडवा गेला, त्यांना परत आणलं आणि अंधार पडायच्या आत लढाई फिरवली. मग चांदण्यात घोडदळानं पाठलाग केला. त्याच्याकडचे मेलेले-जखमी साडेतीनशेच्या आसपास, आपल्याकडचे कितीतरी जास्त.

या लढाईचा देखावा उभा करायचा तर सैनिकांइतकेच बैल लागतील. वेलस्लीच्या फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या लदेणीवर चालायचं, आणि बंजारा तांडा म्हणजे सगळं कुटुंब. गोण्या भरलेले बैल हाकणाऱ्या, रात्री पालं ठोकणाऱ्या, धान्य मोजून देणाऱ्या बायका त्यात होत्या. फेटिया-कांचळी घातलेली, कोपरापर्यंत बलिया चढवलेली बंजारा बाई तोफांच्या आवाजाच्या टप्प्यात बैल आवरते आहे, हे दृश्य माझ्या मते घोड्यावरच्या दहा तलवारींना भारी आहे. वाशीम-अकोल्याच्या तांड्यांतल्या आज्यांकडे तो पेहराव अजून पेटीत आहे. भाड्याच्या दुकानातून आणावा लागणार नाही.

पाश्चात्त्यांनी या देखाव्यांचं शास्त्रच केलंय, आणि बायकांच्या जागेवरून त्यांच्यातही तंटे झाले. इंग्लंडच्या यादवी युद्धाचे प्रयोग करणारी 'सील्ड नॉट' संस्था 1968 ची. तिथे आता बायका भाले-बंदुका घेऊन रांगेत उभ्या राहतात. अमेरिकेत 1989 साली तिथल्या यादवी युद्धातल्या अँटिटमच्या रणभूमीवर लॉरेन कुक नावाची बाई पुरुष सैनिकाच्या वेशात प्रयोगात उतरली होती. ती बायकांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना दिसली आणि तिला हाकललं गेलं. सैनिक पुरुष होते, सबब बाई चालणार नाही, हा युक्तिवाद. ती न्यायालयात गेली आणि 1993 मध्ये जिंकली. पुढे तिनं एका संशोधिकेबरोबर पुस्तक लिहून दाखवून दिलं, की त्या यादवी युद्धात शेकडो बायका पुरुषांच्या नावानं खरोखरच लढल्या होत्या. सेरा एडमंड्स ही त्यांतलीच. ती 'फ्रँकलिन थॉम्प्सन' म्हणून लढली आणि पुढे सरकारनं तिला निवृत्तिवेतनही दिलं. कुकबाई नुसता हक्क सांगून थांबल्या नाहीत, कागद काढून आणले. हे आपल्याकडे फार कमी होतं.

अडगावनंतर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. त्याच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीनं मेळघाटातून जड तोफा हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या आणि 15 डिसेंबर 1803 रोजी गड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. किल्लेदार बेनीसिंग दरवाज्याशी लढता लढता मारला गेला. त्याआधी गडावरच्या प्रमुखांच्या घरातल्या स्त्रियांचा जोहार ठरला होता. इंग्रजांच्या लेखनात येतं ते असं, की तो पुरता झालाच नाही. थोड्या मेल्या, काही जखमी सापडल्या, बाकीच्या जिवंत होत्या, आणि त्यांना सन्मानानं वागवलं गेलं. बर्नार्ड कॉर्नवेलच्या 'शार्प्स फोर्ट्रेस' या कादंबरीमुळे विलायतेतल्या वाचकाला हा वेढा ठाऊक असतो. चिखलदऱ्याला थंड हवा खायला जाणाऱ्या अमरावतीकराला असतोच असं नाही.

जोहाराचा देखावा करायचा मोह कुणालाही होईल. धूर, ढोल, लाल प्रकाश, पांढऱ्या साड्या. मी तरी तो करू नये म्हणेन. सापडल्या त्या स्त्रियांचा प्रसंग करावा. दार फुटल्यावर परक्या शिपायांसमोर उभ्या राहिलेल्या, ज्यांच्या वतीनं मरायचा निर्णय दुसऱ्यांनीच घेतला होता आणि तो अर्धवट राहिला. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, तेव्हा पात्रांना नावं देऊ नयेत. संवादही नकोत.

प्रत्यक्ष गडावर हे होणं अवघड आहे. गाविलगड मेळघाटच्या वाघांच्या जंगलात येतो, तिथे दारू उडवायला, ढोल बडवायला वनखातं परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. नरनाळ्याचंही तेच. अडगावची सपाटी मात्र मोकळी आहे. नोव्हेंबरअखेरीला सोयाबीन निघालेलं असतं, कपाशी-तुरी उभ्या असतात. एखाद्या शेतकऱ्याशी बोलून पडीक तुकडा मिळवता येईल. घोडे भाड्यानं येतील, तोफा लाकडाच्या चालतील. बैल आणि बंजारा बायका गोळा करायचं काम तेवढं उन्हाळ्यातच सुरू करावं लागेल, कारण दिवाळीनंतर दोघांनाही कापसाच्या शेतातून सवड मिळत नाही.