हौसेच्या सामानाचा विमा

मोटारीस आपण हौसेने ध्वनियंत्रणा, जादा दिवे, गॅसकिट बसवितो. परंतु विम्याच्या पॉलिसीत त्यांची नोंद असते काय?

गाडीची विमाकिंमत कारखान्याच्या विक्रीकिमतीतून घसारा वजा जाता ठरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीस हा घसारा 30 टक्के. दुरुस्तीखर्च या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण निकामी समजतात. तेव्हा मागाहून बसविलेल्या, पण न नोंदविलेल्या सामानाचे मोल सहसा हाती येत नाही.

2002 च्या भारतीय मोटार दरपत्रकात विद्युत्-सामानास 4 टक्के जादा हप्ता होता. म्हणजे 40,000 रुपयांमागे 1,600. म्हणून पावत्या जपाव्यात, सामानाची किंमत पॉलिसीत स्वतंत्र लिहवून घ्यावी. गॅसकिटची नोंद तर नोंदणीपुस्तकातही हवी. अपघातानंतर सुचलेले शहाणपण भरपाई देत नाही!