गोळीला न जुमानणारा ताप

तेलंगणात मार्चच्या मध्यापासून शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. सकाळी आठला भरतात, साडेबाराला सुटतात. हेतू चांगला आहे, पण आदिलाबाद जिल्ह्यात पोरं घरी निघतात ती नेमकी ऊन डोक्यावर आलेलं असताना. बेला, जैनथ, भीमपूर या पैनगंगेकडच्या भागात घरोघरी मराठी ऐकू येते. कापसाचा हा मुलूख, आणि मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना टेकणारा. अशा दिवसांत एखादं मूल रोज दुपारी फणफणतं आणि रात्री गार पडतं. पॅरासिटामॉल दिली तरी थर्मामीटर ढिम्म हलत नाही. मलेरियाचं रक्त तपासलं जातं, टायफॉइडसाठी विडाल चाचणी होते. विडाल या भागात कधीकधी उगाचच वर दिसते, मग टायफॉइडचा कोर्स सुरू होतो. पाऊस पडतो, ताप जातो, आणि कोर्सला गुण आला असं सगळे धरून चालतात. पुढच्या चैत्रात ताप परत हजर.

गोळी लागू का पडत नाही, यातच निदानाची पहिली खूण असते. जंतुसंसर्गात मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र स्वतःच आपली पातळी वर सरकवतं. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन लागतं, आणि पॅरासिटामॉल तेच कमी करते. पण केंद्र ३७ अंशांवरच ठाम आहे आणि शरीराला उष्णता बाहेर टाकायला वाटच नाही, असं असेल तर गोळीने कमी करायचं काय? तिथे ओला पंचा गोळीपेक्षा भारी ठरतो. अर्थात अशा मुलाला खरा संसर्गही होतो आणि तेव्हा तापमान इतरांपेक्षा जास्त चढतं. म्हणून ‘याचं असंच असतं’ म्हणून प्रत्येक ताप सोडून देणंही धोक्याचं.

कागदावर थोडा हिशेब मांडू. वीस किलोचं मूल स्वस्थ बसून असलं तरी त्याचं शरीर तासाला चाळीसेक किलोकॅलरी उष्णता तयार करतं. ती बाहेर गेलीच नाही तर तासाभरात तापमान दोन अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात श्वासावाटे थोडी उष्णता जाते, म्हणून इतकं वेगाने होत नाही. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर उरलेली उष्णता हवेत जाते. पण हवा ४४ अंशांची असली की प्रवाह उलटा फिरतो आणि बाहेरची उष्णता अंगात येऊ लागते. मग उरतो एकच मार्ग, बाष्पीभवन. एक लिटर घाम त्वचेवर वाळला की ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे त्या मुलाने स्वतः तयार केलेली तासाभराची उष्णता घालवायला सत्तर मिलिलिटर, टपरीवरच्या एका कटिंगएवढं पाणी कातडीवर वाळलं तरी पुरे. माणसाच्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात, त्या हे काम न सांगता करतात. ग्रंथीच नसतील तर शरीर चिनी मातीच्या बरणीसारखं होतं: आत पाणी भरपूर, पण ते पाझरत नाही आणि म्हणून गारही होत नाही.

निदान रखडतं याचं कारण मला तरी वैद्यकापेक्षा आपल्या बोलण्याच्या सवयीत दिसतं. जे आहे त्याची तक्रार आपण करतो. जे नाही त्याची करत नाही. ‘घाम फार येतो’ म्हणून लोक डॉक्टरकडे जातात. ‘घाम येत नाही’ म्हणून मुलाला कोण घेऊन जाईल? उलट सदरा मळत नाही, अंगाला वास येत नाही, याचं कौतुकच होतं. बाकीची लक्षणं असतात, पण ती वेगवेगळ्या दारांत वाटली जातात. दात उशिरा आले, आले तेही मोजके आणि सुळ्यांसारखे टोकदार, म्हणून दंतवैद्य. केस विरळ, भुवया जवळजवळ नाहीतच, म्हणून तेल, जावळ पुन्हा काढणं. कातडी कोरडी आणि खाजरी, म्हणून मलम. नाकात सुकलेल्या शेंबडाच्या खपल्या साठून दुर्गंधी येते, म्हणून कान-नाक-घसा. प्रत्येक जण आपापल्या तुकड्यावर इलाज करतो आणि तो चुकीचाही नसतो. हे चारही कागद एका टेबलावर ठेवून ‘याला घाम येतो का हो?’ एवढं कुणीतरी विचारलं की काम होतं.

या विकाराचं नाव हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिसप्लेजिया. नाव जडजंबाळ आहे, पण विकाराचं सर्वांत गाजलेलं जुनं वर्णन आपल्या मुंबई इलाख्यातलं आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या एका हिंदू कुटुंबाची हकिगत डब्ल्यू. वेडरबर्न यांनी चार्ल्स डार्विनला कळवली आणि पाळीव प्राणी व वनस्पतींमधल्या बदलांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत डार्विनने ती घेतली. चार पिढ्यांत दहा पुरुष. दोन्ही जबडे मिळून पुढचे चार लहान, कमजोर दात आणि मागच्या आठ दाढा, बस्स. अंगावर केस नाममात्र, टक्कल लवकर. आणि उन्हाळ्यात कातडी अतोनात कोरडी पडून होणारा त्रास. मुलींपैकी एकीलाही हा त्रास नव्हता, पण त्यांच्या मुलांमध्ये तो उतरायचा. बापाकडून मुलाकडे मात्र तो एकदाही गेला नव्हता.

आज वैद्यकाचा विद्यार्थी हे वाचेल तर क्षणात म्हणेल की दोष एक्स गुणसूत्रावर आहे. डार्विनकडे ते उत्तर नव्हतं, गुणसूत्रांचा वारशाशी असलेला संबंधच तेव्हा माहीत नव्हता. त्याला कुतूहल होतं ते केस आणि दात एकत्र का बिघडतात याचं. केस नसलेल्या कुत्र्यांचे दातही कमी असतात, हे त्याने तिथेच नोंदवलं आहे. उन्हाळ्यातल्या त्रासाचं वाक्य त्याच्या दृष्टीने जाता जाता आलेलं. आदिलाबादमध्ये बसून वाचणाऱ्याला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटावं. इंग्लंडच्या हवेत हा विकार दातांचा आणि केसांचा. सिंधच्या किंवा पैनगंगेच्या खोऱ्यात तो जिवावरचा. पुढे १९२१ मध्ये थडानी यांनी सिंधमधल्या या बोळक्या पुरुषांवर ‘जर्नल ऑफ हेरेडिटी’त लिहिलं, आणि वारशाचं गणित स्पष्ट होत गेलं.

केस, दात आणि घाम यांचा एकमेकांशी संबंध काय? गर्भात या तिन्हींची सुरुवात एकाच पद्धतीने होते. बाहेरच्या थरातल्या पेशी ठरावीक ठिकाणी जमून जाडसर ठिपका करतात आणि तो ठिपका आत रुतत जातो. कुठे त्याचा केस होतो, कुठे दात, कुठे घर्मग्रंथी. ‘इथे जमा’ असा निरोप देणारं एक प्रथिन असतं, एक्टोडिस्प्लासिन. त्याचा ईडीए नावाचा जनुक १९९६ मध्ये सापडला. निरोप घेणाऱ्या ग्राहकाचा, म्हणजे ईडीएआरचा, १९९९ मध्ये. निरोपच गेला नाही की ठिपके उमटत नाहीत. चेहऱ्याची ठेवणही एका साच्याची होते: कपाळ पुढे, नाकाचा दांडा बसका, ओठ जाड, डोळ्यांभोवती सुरकुत्या आणि काळसरपणा. एकमेकांशी नातं नसलेली दोन मुलं सख्खे भाऊ वाटावीत इतकं साम्य दिसतं. बुद्धीला मात्र धक्का नसतो. इजा होते ती वेळेत न ओळखलेल्या उष्माघातामुळे.

आईकडे पाहिलं तर निदान आणखी पक्कं होतं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, पण त्यातला एक निजलेला असतो. कुठे आईकडून आलेला, कुठे वडिलांकडून आलेला. त्यामुळे दोष वाहणाऱ्या स्त्रीच्या अंगावर घाम येणारे आणि न येणारे पट्टे शेजारीशेजारी असतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. ते पाहायची जुनी, स्वस्त तपासणी व्हिक्टर मायनर याच्या नावाची आहे. पाठीवर आयोडीन लावायचं, वाळू द्यायचं. वर स्टार्चची पूड भुरभुरायची. मग उबदार खोलीत बसवायचं. जिथे घामाचा थेंब येईल तिथे पूड निळीकाळी होते. आधी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, मग ते एकमेकांत मिसळतात. निरोगी माणसाची पाठ बघता बघता काळवंडते. वाहक आईच्या पाठीवर मणक्यापाशी इंग्रजी व्हीसारखे, कुशीकडे वळत जाणारे पिवळे पट्टे कोरडेच राहतात. मुलाच्या पाठीवर तर काहीच उमटत नाही. इतकंही करायचं नसेल तर चांगलं भिंग घेऊन बोटांच्या पेरांवरच्या रेषा पाहाव्यात. रेषेच्या माथ्यावर ओळीने बारीक छिद्रं दिसायला हवीत. या मुलांत ती नसतात किंवा अगदी तुरळक असतात. जबड्याच्या एक्स-रेत दातांचे अंकुरच कमी दिसतात.

घाम न येण्याचं कारण दरवेळी हेच असतं असं नाही. आधी विचारायचं ते हे, की जन्मापासून येत नाही की अलीकडे थांबला? आणि सगळ्या अंगाला की एखाद्याच भागाला? एकच चट्टा उन्हातही कोरडा राहत असेल, तिथे स्पर्श कमी कळत असेल तर आपल्याकडे पहिला विचार कुष्ठरोगाचा करायचा. घर्मग्रंथींना जाणाऱ्या बारीक नसा त्यात लवकर मरतात. कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन इथून फार लांब नाही, ही गोष्ट या पट्ट्यात कुणाला नव्याने सांगायला नको. फिट्सवरच्या टोपिरामेट, झोनिसामाइड या गोळ्यांनीही काही मुलांचा घाम आटतो, आणि गोळी बदलली की परत येतो. घामाबरोबर वेदनाही कळत नसेल, मूल स्वतःची जीभ-बोटं चावून जखमा करत असेल, तर तो निराळा, फार दुर्मीळ आनुवंशिक विकार.

आदिलाबादहून निदानाची वाट दोन दिशांना फुटते. संशय घ्यायला गावातला बालरोगतज्ज्ञ, दंतवैद्य किंवा जिल्ह्याचं रिम्स रुग्णालय पुरेसं आहे. पुढे कुणी नातेवाइकांच्या आधाराने यवतमाळ-नागपूर गाठतं, कुणी हैदराबाद. जनुकीय तपासणीपर्यंत जायचं तर हैदराबादेत निम्स रुग्णालय आणि सीडीएफडी ही संशोधन संस्था यांचं मिळून दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेलं. तपासणी करायची ती नुसतं नाव कळावं म्हणून नव्हे. ईडीएत दोष असेल आणि आई वाहक असेल तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता. ईडीएआरच्या एका प्रकारात मात्र आईबाप दोघांकडून एकेक सदोष प्रत आलेली असते. तिथे मुलगा-मुलगी असा फरक नाही. मामाशी किंवा आते-मामे भावंडांत लग्नं होणाऱ्या समाजांत हा प्रकार विसरून चालत नाही. बाहेरून दोन्ही हुबेहूब.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. ‘दोष आईकडून आला’ हे वाक्य दवाखान्यात माहिती असतं, घरी पोचेपर्यंत आरोप होतं. काही मुलांत बदल नव्यानेच झालेला असतो आणि आईत त्याचा मागमूस नसतो. अहवाल देताना नवरा आणि सासू दोघांना समोर बसवून हे सांगणारा डॉक्टर माझ्या मते निम्मा उपचार तिथेच करतो.

जगायचं कसं, तर घाम उसना घेऊन. ओला सदरा, डोक्याला ओला दुपट्टा, जवळ फवारणीची बाटली. इथे आदिलाबादचं कोरडं ऊन थोडं मदतीलाच येतं, कारण पाणी झटकन उडतं. कूलर आणि वाळ्याच्या ताट्या याच हवेत चालतात. मुंबईच्या दमट उन्हात ओला सदरा नुसता चिकटून राहील. जुलैत झड लागली की इथेही तेच होतं, मग थंड पाण्यात हातपाय बुडवून बसावं. पंख्याबद्दल मात्र गैरसमज आहे. हवा ४४ अंशांची आणि कातडी कोरडी असेल तर पंखा गरम हवाच अंगावर आणून घालतो. आधी अंग ओलं करायचं, मग पंखा. नुसतं पाणी प्यायला देऊन भागत नाही, ते कातडीवर लागतं.

कवळी तीन-चार वर्षांच्या मुलालाही बसवता येते, जबडा वाढेल तशी बदलावी लागते. ती बसली की पोर भाकरी चावतं, बोलणं स्पष्ट होतं, वर्गात हसतं. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी: गणवेश ओला चालेल, पीटीला सूट, साडेबाराला सुटल्यावर ऊन उतरेपर्यंत शाळेच्या सावलीत थांबायची मुभा. चिठ्ठीपलीकडे कायद्याचा आधार तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत या विकाराचं नाव नाही. मोठेपणी काम निवडतानाही हा हिशेब ठेवावा लागतो. पहाटे वखर हाकता येईल, मेमधली दुपार शेतात काढता येणार नाही. हिवाळा मात्र त्यांचा. आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली आहे आणि या मुलांना ती मानवते.

मुळावरचा इलाज बराच काळ स्वप्नच होता. प्रथिन बाहेरून द्यावं, तर जन्मानंतर उशीर झालेला असतो. घर्मग्रंथींची पायाभरणी गर्भातच होऊन जाते. जर्मनीतल्या एरलांगेन इथे होल्म श्नायडर यांच्या गटाने ती वेळच गाठली. एका बाईच्या थोरल्या मुलाला हा विकार होता आणि पोटात जुळे मुलगे होते. सोनोग्राफीत त्यांच्या जबड्यांतले दातांचे अंकुर मोजले, ते कमी भरले. मग सव्विसाव्या आणि एकतिसाव्या आठवड्यात कृत्रिम एक्टोडिस्प्लासिन गर्भजलात सोडलं. गर्भ ते पाणी गिळतच असतो. प्रथिनाला जोडलेल्या प्रतिपिंडाच्या शेपटीमुळे ते आतड्यातून रक्तात शोषलं गेलं. जुळी जन्मली आणि त्यांना घाम येत होता. दुसऱ्या एका घरातल्या मुलालाही हे औषध सव्विसाव्या आठवड्यात एकदाच दिलं, त्यालाही घाम आला. २०१८ मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आणि त्यानंतर अनेक देशांत मिळून चाचणी सुरू झाली. जुळ्यांच्या थोरल्या भावाला या औषधाचा काही उपयोग नव्हता. त्याची वेळ केव्हाच गेली होती. पण त्याचं निदान झालेलं होतं, म्हणूनच धाकट्यांचे दात सहाव्या महिन्याच्या आत कुणीतरी मोजायला गेलं.